वनस्पती आणि हवा यांच्यातील वायूंची देवाणघेवाण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झाड हवेतून काय घेते आणि हवेला काय देते, याविषयी शाळेत शिकलेली दोन-तीन वाक्ये बहुतेकांना आठवतात. त्यांत पिंपळ, तुळस आणि रात्री झाडाखाली झोपण्याविषयीच्या ऐकीव गोष्टींची भर पडते आणि चित्र गढूळ होते. नेहमी विचारले जाणारे प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत.

वनस्पती खरोखर श्वास घेतात का?

मराठीत श्वासोच्छ्वास आणि श्वसन असे दोन वेगळे शब्द आहेत, ही या बाबतीत मोठी सोय आहे. छाती फुगवून हवा आत ओढणे आणि बाहेर टाकणे म्हणजे श्वासोच्छ्वास. वनस्पतीला फुप्फुसे नसल्यामुळे ती हे करत नाही. श्वसन ही मात्र पेशीच्या आत घडणारी रासायनिक क्रिया आहे. तीत ऑक्सिजनच्या साहाय्याने साखर मोडली जाते, ऊर्जा हाती लागते आणि कार्बन डायऑक्साइड व पाणी उरते. ही क्रिया मूळ, खोड, पान, फूल, फळ आणि रुजणारे बी या सर्व ठिकाणच्या जिवंत पेशींत दिवसरात्र चालू असते. वायूंची ने-आण करण्यासाठी वनस्पती सहसा कोणताही पंप वापरत नाही. जिथे वायू दाट आहे तिथून तो विरळ असलेल्या जागेकडे आपोआप पसरतो, आणि या विसरणावरच तिचा बहुतेक सगळा कारभार चालतो.

मग ‘झाडे दिवसा ऑक्सिजन सोडतात आणि रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतात’ हे वाक्य चुकीचे आहे का?

चुकीचे नाही, अपुरे आहे. ते ऐकणाऱ्याला असे वाटते की झाड संध्याकाळी एक यंत्र बंद करते आणि दुसरे सुरू करते. प्रत्यक्षात श्वसन कधीच बंद होत नाही. दिवसा त्याच्या जोडीला हिरव्या भागांत प्रकाशसंश्लेषण, म्हणजे प्रकाशाच्या बळावर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून साखर बनवून ऑक्सिजन सोडण्याची क्रिया, सुरू होते. भर उन्हात त्याचा वेग श्वसनाच्या कित्येक पट असल्यामुळे श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड पानातल्या पानातच वापरला जातो आणि बाहेरून आणखी घ्यावा लागतो. पहाटे आणि सांजवेळी एक क्षण असा येतो की दोन्ही क्रियांचा हिशेब जुळतो आणि पान हवेशी जवळजवळ काहीच देवघेव करत नाही.

हा गुंता सुटायला शास्त्रज्ञांनाही वेळ लागला. १७७१ मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ प्रिस्टली यांनी मेणबत्ती जळून ‘बिघडलेल्या’ बंद हवेत पुदिन्याची फांदी ठेवली आणि काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळू शकते हे पाहिले. परंतु हा प्रयोग कधी साधे, कधी फसे. त्याचे कारण १७७९ मध्ये यान इंगेनहौझ यांनी दाखवून दिले : हवा सुधारण्याचे काम फक्त हिरवे भाग करतात आणि तेही केवळ प्रकाशात, तर अंधारात तीच हिरवी पाने हवा बिघडवतात. शाळेतील वाक्याचा उगम या निरीक्षणात आहे.

पानात हवा नेमकी कोठून शिरते?

पानाच्या त्वचेवर मेणासारख्या पदार्थाचा पातळ थर असतो. तो पाणी बाहेर जाऊ देत नाही, आणि त्यातून वायूही फारसे जात नाहीत. म्हणून त्वचेत सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. एका चौरस मिलिमीटरमध्ये साधारणपणे १०० ते ३०० रंध्रे आढळतात. बहुतेक वृक्षांत ती पानाच्या खालच्या बाजूला असतात, ज्वारी-गव्हासारख्या तृणांत दोन्ही बाजूंना, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या कुमुदाच्या पानावर फक्त वरच्या बाजूला.

सगळी रंध्रे पूर्ण उघडली तरी त्यांनी व्यापलेली जागा पानाच्या एक-दोन टक्क्यांहून अधिक भरत नाही. एवढ्याशा जागेतून पुरेसा वायू कसा जातो, हा प्रश्न १९०० मध्ये ब्राउन आणि एस्कोम्ब यांनी सोडवला. छिद्र अगदी लहान असेल, तर त्याच्या कडेवरून आजूबाजूचे रेणूही वळून आत शिरतात. त्यामुळे त्यातून जाणारा वायू छिद्राच्या क्षेत्रफळाच्या नव्हे, तर व्यासाच्या प्रमाणात असतो, आणि अनेक बारीक छिद्रे मिळून एका मोठ्या भोकापेक्षा कितीतरी अधिक काम करतात. रंध्रातून आत गेल्यावर सैलसर रचलेल्या पेशी आणि त्यांच्यामधील हवेच्या पोकळ्या लागतात. पेशींच्या भिंती सतत ओल्या असतात. त्या ओलाव्यात कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि हरितलवकापर्यंत, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या पेशीतील हिरव्या कणापर्यंत, पोहोचतो.

ही रंध्रे उघडतात आणि मिटतात कशी?

प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी असतात. बहुतेक झाडांत त्या घेवड्याच्या दाण्यासारख्या दिसतात. सकाळच्या प्रकाशाने, त्यातही निळ्या किरणांनी, या पेशी जाग्या होतात आणि पोटॅशियमचे आयन आत घेऊ लागतात. क्षार वाढले की त्यांच्यामागोमाग पाणी आत येते आणि पेशी फुगतात. भिंतींच्या विशिष्ट रचनेमुळे फुगलेली पेशी धनुष्यासारखी वाकते आणि दोघींच्या मध्ये फट पडते. माती कोरडी पडू लागली की ॲबसिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते, आयन बाहेर पडतात, पेशी सैल होतात आणि फट मिटते. पानाच्या आत कार्बन डायऑक्साइड कमी झाला तर रंध्रे उघडतात, साचला तर मिटू लागतात.

रंध्रे कायम उघडी ठेवली तर झाडाचे काय बिघडेल?

ते वाळेल. देवाणघेवाणीतील खरी अडचण हीच आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड अवघा ०.०४ टक्क्याच्या आसपास असतो. पानाच्या आतली हवा मात्र बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते. त्यामुळे ज्या दारातून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू कष्टाने आत येतो, त्याच दारातून पाण्याचे शेकडो रेणू सहज निसटतात. भात, गहू, तूर, कापूस यांसारख्या पिकांत एक रेणू कार्बन पकडण्यासाठी साधारण ४०० ते ५०० रेणू पाणी खर्ची पडते. म्हणूनच वैशाखातील दुपारी झाडे रंध्रे आवळून घेतात आणि लख्ख ऊन असूनही प्रकाशसंश्लेषण मंदावते. भूक आणि तहान यांच्यातील ही तडजोड झाड दिवसभर करत असते.

ज्वारी, मका आणि ऊस यांची पद्धत वेगळी असते, असे म्हणतात. ती कोणती?

कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या रुबिस्को या विकरात (एन्झाइममध्ये) एक मोठी खोट आहे : ते कधी कधी चुकून ऑक्सिजनलाच पकडते. उष्णता वाढली की ही चूक अधिक होते आणि पकडलेल्या कार्बनचा काही भाग वाया जातो. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस यांनी यावर उपाय शोधला आहे. त्यांच्या पानांत आधी एक वेगळे विकर कार्बन डायऑक्साइड पकडून चार कार्बनचे संयुग तयार करते. ते शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन तेथे वायू पुन्हा मोकळा केला जातो, आणि त्या कोंदट कोठडीत रुबिस्कोला चूक करायला फारशी संधीच मिळत नाही. उसातील या मार्गाचा उलगडा १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी केला. या पद्धतीत रंध्रे थोडीशीच उघडून भागते, म्हणून पाण्याचा खर्च जवळपास निम्मा होतो.

यावर लगेच कोणी विचारेल की मग ऊस पाणी पितो ही तक्रार खोटी का? ती खोटी नाही. तयार होणाऱ्या प्रत्येक किलो वजनामागे ऊस पाणी जपूनच वापरतो, परंतु तो शेतात बारा महिने आणि आडसाली असेल तर दीड वर्ष उभा असतो आणि प्रचंड वजन तयार करतो. एकूण बेरीज मोठी होते ती त्यामुळे.

रात्री रंध्रे उघडणाऱ्या वनस्पती कोणत्या?

निवडुंग, घायपात, कोरफड, अननस आणि पानफुटी. या वनस्पती दिवसा दारे मिटून बसतात आणि थंडाव्यात, म्हणजे रात्री, ती उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात. प्रकाश नसल्याने त्याची साखर लगेच करता येत नाही, म्हणून तो मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींत साठवला जातो. दिवस उजाडला की बंद दाराआड त्या आम्लातून वायू परत काढून साखर केली जाते. पानफुटीची पाने सकाळी आंबट आणि दुपारपर्यंत बेचव लागतात, हे निरीक्षण भारतात राहून काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी नोंदवले होते. ते १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीने छापले, आणि त्यामागचे रसायनशास्त्र कळायला पुढे शतकाहून अधिक काळ जावा लागला.

पिंपळ आणि तुळस चोवीस तास ऑक्सिजन देतात, हे खरे आहे का?

नाही. प्रकाशसंश्लेषणात बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्याचा रेणू फुटून निघतो आणि तो फोडायला प्रकाश लागतो. १९४१ मध्ये रुबेन आणि केमेन यांनी ऑक्सिजनचे जड समस्थानिक, म्हणजे माग काढता येईल असे जरा जड अणू, वापरून हे दाखवले. काळोखात कोणतेही पान ऑक्सिजन तयार करू शकत नाही, मग ते पिंपळाचे असो वा वडाचे. वर सांगितलेली कोरफडसुद्धा रात्री कार्बन डायऑक्साइड घेते, ऑक्सिजन देत नाही. या दोन गोष्टींची गल्लत होऊनच ही समजूत पसरली असावी. पिंपळ किंवा तुळस पूजनीय असण्यासाठी रसायनशास्त्राच्या खोट्या दाखल्याची गरज नाही, असे आम्हांला वाटते.

रात्री झाडाखाली झोपणे किंवा झोपण्याच्या खोलीत कुंड्या ठेवणे घातक आहे का?

वायूंच्या दृष्टीने अजिबात नाही. दोन-चार कुंड्या रात्रभरात जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याच्या कितीतरी पट शेजारी झोपलेला माणूस सोडतो. उघड्यावर झाडाखाली तर हवा सतत बदलत असते. पिंपळावरच्या मुंज्याची भीती ज्याला वाटते त्याचे समाधान या पृष्ठावर होणार नाही. विंचूकाटा, साप आणि वाळलेली फांदी यांची भीती मात्र रास्त आहे.

घरातील कुंड्यांमुळे हवा शुद्ध होते का?

पाने काही दूषित वायू शोषतात, हे खरे आहे. १९८९ मध्ये नासाने बंद पेटीत केलेल्या प्रयोगांवरून ही कीर्ती पसरली. पण घर म्हणजे बंद पेटी नव्हे. अशा अनेक प्रयोगांच्या आकडेवारीची २०१९ मध्ये फेरतपासणी झाली. दारे-खिडक्यांतून सहज होणाऱ्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान १० आणि कदाचित १,००० झाडे लागतील, असे तीतून दिसले. खिडकी उघडणे सोपे.

मुळांना हवा लागते का?

लागते, आणि ही गोष्ट आपल्या शेतकऱ्याला प्रयोगशाळेच्या फार आधीपासून ठाऊक आहे. ‘वाफसा’ हा शब्द त्याचा पुरावा. जमिनीतील लहान पोकळ्यांत पाणी आणि मोठ्या पोकळ्यांत हवा, अशी जी अवस्था पाऊस किंवा पाणी दिल्यानंतर काही काळाने येते तिला वाफसा म्हणतात. माती मुठीत दाबली तर गोळा होतो आणि खाली टाकला तर फुटतो, ही त्याची जुनी खूण. पेरणीसाठी वाफशाची वाट पाहायची, ती बियाणाला ओल आणि ऑक्सिजन दोन्ही मिळावे म्हणून.

मुळांना हिरवेपणा नसतो, म्हणजे स्वतः ऑक्सिजन बनवण्याची सोय नसते. त्यांना तो मातीतील हवेतूनच घ्यावा लागतो. शेतात पाणी तुंबले की पोकळ्यांतील हवा हुसकली जाते, आणि पाण्यातून ऑक्सिजन पसरण्याचा वेग हवेतील वेगाच्या सुमारे दहा हजारावा भाग असतो. मग मुळे गुदमरतात. गुदमरलेले मूळ पाणी व क्षार नीट शोषू शकत नाही. म्हणून चिखलात उभे असलेले पीक तहानेल्यासारखे मलूल दिसते आणि पाने पिवळी पडतात. काळ्या भारी जमिनीत दीर्घ उघडिपीनंतर एकदम जोरदार पाऊस झाला की कपाशीत दिसणारी ‘आकस्मिक मर’ ही बुरशीमुळे होत नाही, ती मुळांवर आलेल्या या संकटाचा परिणाम असते. तेथे पहिले काम म्हणजे चर काढून पाणी बाहेर घालवणे आणि वाफसा येताच कोळपणी करणे. कुंडीतील झाडे उन्हापेक्षा अतिपाण्याने अधिक मरतात, तीही याच कारणाने.

मग भात पाण्यात कसा जगतो? आणि खाडीतील तिवरे?

भाताच्या मुळांत आणि खोडात हवेच्या लांब पोकळ्या असतात आणि पानांकडून आलेला ऑक्सिजन त्यांतून मुळापर्यंत उतरतो. हीच नळी उलट दिशेनेही चालते : खाचरातील चिखलात सूक्ष्मजीवांनी तयार केलेला मिथेन मुख्यतः भाताच्या रोपातूनच वर हवेत येतो.

कमळाने तर याहून पुढची मजल मारली आहे. वर म्हटले की वनस्पतीकडे सहसा पंप नसतो; कमळ हा त्याला अपवाद. उन्हात तापलेल्या पानात हवेचा दाब वाढतो, ती देठातून चिखलातील कंदापर्यंत ढकलली जाते आणि दुसऱ्या वाटेने वर परतते. बाजारात मिळणारी कमळकाकडी आडवी चिरल्यावर जी सुबक भोके दिसतात, त्या या हवेच्या वाटा आहेत.

तिवर आणि चिपी या कांदळवनातील, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या चिखलातील, झाडांनी मुळेच वर काढली. ठाण्याच्या खाडीत किंवा गोव्यात चोडण बेटावर ओहोटीच्या वेळी चिखलातून पेन्सिलीसारखे असंख्य खुंट वर आलेले दिसतात. ती श्वसनमुळे होत. त्यांच्या सालीवरील छिद्रांतून ओहोटीच्या वेळी हवा आत जाते आणि भरतीच्या वेळी साठ्यावर भागवले जाते. महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्य कांदळवन वृक्ष म्हणून निवडलेली पांढरी चिपी याच गटातील. या खुंटांवर तेलाचा तवंग, राडारोडा किंवा प्लास्टिकचा थर बसला, तर एकही फांदी न तोडता झाड मरते. कांदळवनात टाकलेला भराव हा तोडीइतकाच गंभीर गुन्हा का मानावा, याचे उत्तर यात आहे.

झाडाच्या जाड सालीतून हवा जाते का?

जाते. सालीवर ठिपक्यांसारखे किंवा आडव्या रेघांसारखे जे सैल पेशींचे भाग दिसतात, ती वल्करंध्रे. ती पर्णरंध्रांसारखी उघडझाप करत नाहीत. हापूसच्या सालीवरचे बारीक ठिपकेही त्याच जातीचे.

एका माणसाला वर्षभर ऑक्सिजन पुरवायला किती झाडे लागतात?

फलकांवर लिहिलेले आकडे गांभीर्याने घेऊ नयेत. झाडाचे वय, जात, पाणी आणि ऊन यांनुसार उत्तर कित्येक पटींनी बदलते. हिशेब मात्र दुसऱ्या बाजूने करता येतो. प्रौढ माणूस दिवसाला सुमारे ५५० लिटर ऑक्सिजन वापरतो. त्याचे वजन पाऊण किलोच्या जवळपास भरते. वनस्पतीत १८० ग्रॅम ग्लुकोज तयार होताना १९२ ग्रॅम ऑक्सिजन मोकळा होतो. म्हणजे आपल्या दिवसाच्या ऑक्सिजनसाठी कुठेतरी सुमारे ७०० ग्रॅम साखर तयार व्हायला हवी, आणि आपण दिवसभरात खातो त्या अन्नातून पाणी वगळले तर उरणारे वजन याच्या आसपासच येते. हा योगायोग नाही. आपण ऑक्सिजन वापरतो तोच मुळी अन्न जाळण्यासाठी. ज्या शेताने आपली भाकरी पिकवली, त्याच शेताने ती जाळायला लागणारा ऑक्सिजनही ती पिकवतानाच हवेत सोडलेला असतो.

मोठ्या, जुन्या जंगलाचा जमाखर्चही असाच जवळजवळ शून्यावर येतो. दिवसा सोडलेला ऑक्सिजन झाडांचे श्वसन, प्राणी, बुरशी आणि कुजणारा पाचोळा वापरून टाकतात. अमेझॉनचे जंगल जगाला वीस टक्के ऑक्सिजन पुरवते, हे विधान म्हणून टिकत नाही. हवेतील २१ टक्के ऑक्सिजन हा कोट्यवधी वर्षे न कुजता गाडल्या गेलेल्या सेंद्रिय द्रव्यामुळे मागे उरलेला साठा आहे. जंगल राखण्याची कारणे पाणी, माती, जीवसृष्टी आणि खोडांत साठलेला कार्बन ही आहेत, आणि ती पुरेशी भक्कम आहेत.

तोडलेली फळे, कांदे आणि धान्यही श्वसन करतात का?

करतात, कारण ती जिवंत असतात. गवतात लावलेल्या आंब्याच्या अढीत हात घातला तर ऊब लागते. ती श्वसनातून निघालेली उष्णता होय. फळांनी सोडलेला इथिलीन वायू तेथे कोंडून राहतो आणि सगळी अढी जवळपास एकदम पिकते. कांद्याला याच्या उलट वागवावे लागते. कांदाचाळ जमिनीपासून उंच आणि फटींची असते, ती ऊब व ओल निघून जावी म्हणून.

जुन्या काळी ज्वारी जमिनीखालच्या पेवात साठवत. तोंड बंद केलेल्या पेवात दाणे, किडे आणि बुरशी मिळून ऑक्सिजन संपवून टाकत. त्यामुळे पुढे किडे मरत आणि धान्य टिके. परंतु तीच हवा माणसालाही मारू शकते. म्हणून पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. आधी ते काही वेळ उघडे ठेवत आणि दिवा सोडून पाहत.

हवेत कार्बन डायऑक्साइड वाढत आहे. वनस्पतींना ते चांगलेच नव्हे का?

काही प्रमाणात. औद्योगिक काळापूर्वी दशलक्ष भागांत सुमारे २८० भाग असलेला हा वायू आता ४२० भागांच्या वर गेला आहे. रंध्रे थोडी मिटूनही पुरेसा वायू मिळतो, त्यामुळे पाण्याची बचत होते. इतकेच नव्हे, तर जुन्या वनस्पतिसंग्रहातील पाने तपासून वुडवर्ड यांनी १९८७ मध्ये दाखवले की दोनशे वर्षांत काही वृक्षांच्या पानांवरील रंध्रांची संख्या सुमारे ४० टक्क्यांनी घटली आहे. मात्र वाढत्या उष्णतेने फुलोरा करपला किंवा पाऊस चुकला, तर ही बचत कामी येत नाही.

हे घरी पाहता येईल का?

पर्णरंध्रे पाहणे अवघड नाही. पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्यावा, तो वाळू द्यावा, त्यावर चिकटपट्टी दाबून अलगद सोलून काढावी आणि काचपट्टीवर चिकटवून शाळेच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरावी. जास्वंदीच्या पानाच्या ठशात घेवड्याच्या दाण्यांच्या जोड्या इतस्ततः विखुरलेल्या दिसतील. ज्वारीच्या पानावर मात्र त्या व्यायामशाळेतील डंबेल्ससारख्या असतील आणि शिरांच्या समांतर, सरळ ओळीत मांडलेल्या दिसतील.